खराडीत राहून कलेचं शिक्षण कसं घ्यावं

आधी घरच्यांशी बोलून घ्या. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण जास्त पडतात, म्हणून शाळेत असताना रंगपेटी आणून दिली होती ती बाबांनीच. ते 7 गुण टक्केवारीत मिळवून त्यांनी पेढेही वाटले. आता बीएफए म्हटल्यावर तेच बाबा ‘छंद म्हणून ठेव की’ म्हणतील. वाद घालू नये. ‘चार वर्षांची डिग्री आहे, सीईटी असते’ एवढंच सांगावं. सीईटी हा शब्द ऐकला की खराडीतल्या कुठल्याही पालकाचा रक्तदाब उतरतो. त्या परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र काढायचं असतं, हे प्रवेश पक्का झाल्यावर सांगितलं तरी चालतं. लिफ्टमधल्या काकांना ‘यूआय-यूएक्सच्या जवळचं काहीतरी’ असं सांगावं. ‘स्कोप आहे’ हे ते आपणहून म्हणतील.

प्रवास हा वेगळा विषय आहे आणि त्याला गुण नाहीत. रामवाडीपर्यंत रिक्षा, पुढे मेट्रो. फुल इम्पीरियल कागद 22 बाय 30 इंचांचा असतो, रिक्षाचं दार त्या हिशेबाने केलेलं नसतं. ‘दादा, सोबत बोर्ड आहे’ म्हटलं की ‘यंदा दहावी का?’ असं विचारतात. हो म्हणावं. ते सहानुभूतीने हळू चालवतात.

गाणं किंवा नाटक शिकायचं असेल तर गणेशखिंडीला विद्यापीठातलं ललित कला केंद्र आहे, 1987 पासून. पण रियाज घरीच करायचा असतो. पहाटे पाचला अकराव्या मजल्यावर खर्ज लावला की साडेपाचला सोसायटीच्या ग्रुपवर ‘पंपाचा आवाज येतोय’ अशी तक्रार येते. उत्तर देऊ नये. प्लंबर येतो, काहीतरी घट्ट करतो, दोनशे रुपये घेऊन जातो. (षड्ज नीट लागला याची याहून खात्रीशीर पावती मला तरी ठाऊक नाही.)

1963 पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की घरी यायला रात्रीचा एक वाजतो. इथे मात्र खराडीसारखी जागा नाही. पेठेत एवढ्या उशिरा येणाऱ्या पोराबद्दल वाड्यात कुजबुज होते. खराडीत वॉचमन उठून गेट उघडतो आणि ‘यूएस शिफ्ट का, साहेब?’ म्हणून विचारतो.

स्केचिंगला लोक मंडईत नाहीतर स्टेशनवर जातात. काही गरज नाही. दुपारी चारला ईऑन आयटी पार्कबाहेरच्या टपरीवर बसावं. गळ्यात ओळखपत्र, एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मान पंचेचाळीस अंशांत वाकलेली: अशी दहा मिनिटं तसूभरही न हलणारी मॉडेल कॉलेजला पैसे देऊनही मिळत नाहीत. चेहरा मात्र काढता येत नाही, तो वर येतच नाही. केसांचा अभ्यास उत्तम होतो.

गणपती जवळ आले की अख्ख्या सोसायटीला तुमची आठवण होते. मखर, रांगोळी, स्टेजमागचा पडदा, लहान मुलांचं नाटुकलं. थर्माकोलवर बंदी आहे, तेव्हा पुठ्ठा तुम्हीच आणायचा. मानधनाचं विचारलंत की सेक्रेटरीकाका पाठीवर थाप मारून म्हणतील, ‘‘अरे, तुझीही प्रॅक्टिस होईल!’’

मखर मनापासून करावं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची बेल वाजवावी आणि सांगावं, ‘‘काका, माझ्या चित्रांची एक वेबसाइट करून द्या ना. तुमचीही प्रॅक्टिस होईल.’’