स्थगिती नाही? उशीर चालेल!

गोदावरीच्या खोऱ्यात पावसाळा संपला की खटल्यांचा हंगाम सुरू होतो. वर नाशिक-अहिल्यानगर, खाली मराठवाडा आणि मधे काळा कोट.

खरं तर कायद्याने भांडायला फारशी जागाच ठेवलेली नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005 चा कायदा सांगतो, की टंचाईच्या वर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी असावी. प्राधिकरणाने 19 सप्टेंबर 2014 ला आदेश काढून हिशेबही घालून दिला : खरिपाचा वापर धरून 15 ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणात 65 टक्क्यांहून कमी पाणी भरलं, तर वरच्या धरणांतून सोडा. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला.

न्यायमूर्ती काही धरणावर जाऊन पाणी मोजत नाहीत. प्राधिकरणाला अधिकार होता का, बाजू ऐकून घेतल्या का, निर्णय मनमानी तर नाही ना, एवढंच ते तपासतात. बाकीचं तज्ज्ञांवर सोडतात. मग अशा खटल्यात जिंकणार काय? जिंकायचं कोणाला आहे? खटला चालू राहिला की झालं.

2023 चंच पाहा. 30 ऑक्टोबरला जायकवाडीसाठी सुमारे 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. लगेच याचिका, आंदोलनं, निवेदनं. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती द्यायला नकार दिला. तरी पाणी सुटेपर्यंत नोव्हेंबर संपत आला होता. न मिळालेली स्थगिती अशी तीन आठवड्यांहून जास्त उपभोगता येते!

तेवढ्यात नदी सुकते. मग सोडलेल्या पाण्यातून आधी पात्र आपली तहान भागवतं, डोह भरतात, काठावरच्या मोटारी आपला वाटा उचलतात आणि उरलेलं पैठणला पोचतं. त्यावर उशीर करणारेच हळहळतात, ‘‘बघा, केवढं पाणी वाया गेलं! सोडायलाच नको होतं.’’ पोचलेलं पाणीही खालचा ऊस पितो, असा त्यांचा आरोप आहे. खरा असेलही. वरचा ऊस मात्र दवावर वाढतो.

सरकारची अडचणही समजून घ्या. आमदार वरही आहेत, खालीही आहेत. कोणा एकाला दुखवण्यापेक्षा ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणणं बरं. या तीन शब्दांत दोन्हीकडची मतं साठवता येतात आणि त्यांचं बाष्पीभवनही होत नाही.

मायबाप सरकार, 15 ऑक्टोबर ही तारीख दर वर्षी येते. सूत्र ठरलेलं आहे, धरणांचे आकडे रोज जाहीर होतात. तेव्हा त्याच आठवड्यात, पात्र ओलं असतानाच दारं उघडा. ज्याला कोर्टात जायचं त्याने खुशाल जावं. पहिल्या सुनावणीपर्यंत पाणी पैठणला पोचलेलं असू द्या.