जागा धरण्याचे शास्त्र

पोकरच्या मोठ्या स्पर्धेची प्रवेश फी ज्याला परवडत नाही, किंवा परवडत असूनही ती पूर्ण भरणे ज्याला स्वतःच्या बुद्धीचा अपमान वाटतो, अशाने कमी फीच्या ज्या लहान स्पर्धेतून मोठीतली जागा पटकवायची, तिला सॅटेलाइट म्हणतात. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याच्या विद्येशी तिचे नाते जवळचे असून, रुमाल कितीही ऐसपैस असला तरी जागा एकच मिळते, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

या विद्येला ऑनलाइन जगात प्रतिष्ठा मिळाली ती 2003 साली, जेव्हा टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस 86 डॉलरच्या सॅटेलाइटपासून सुरुवात करून लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’च्या 10,000 डॉलर फीच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि 839 जणांमध्ये पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्याच वर्षी खेळाडूंची संख्या 2,576 झाली. मात्र 10,000 ची एक जागा 86-86 डॉलरनी भरायची, तर किमान 117 जणांचे पैसे लागतात, आणि त्यांपैकी 116 जणांचा फोटो कुठल्याही जाहिरातीत कधीच छापला जात नाही, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला विनोदी वाटत नाही. कारण त्यांच्याही घरी त्या रात्री कोणीतरी जेवायला थांबलेले असणार.

सॅटेलाइटचे प्रकार अनेक आहेत. एकाच टेबलावरच्या प्रकारात आठ-दहा जणांतून एकाला जागा मिळते. पायऱ्यांच्या प्रकारात एक सॅटेलाइट जिंकून पुढच्या सॅटेलाइटचे तिकीट मिळते. रीबायमध्ये संपलेल्या चिप्स पुन्हा विकत घेता येत असल्याने स्वस्त वाटलेली फी बघता बघता महाग होते. तर हायपर-टर्बोमध्ये ब्लाइंड, म्हणजे दर डावाला सक्तीने लावायच्या रकमा, इतक्या झपाट्याने वाढतात की कौशल्याला बूड टेकायलाही वेळ मिळत नाही. शहाण्याने निवडावा तो ठरावीक जागांची हमी असलेला आणि खेळाडू कमी आलेला प्रकार, कारण तिथे कमी पडणारे पैसे आयोजक स्वतःच्या खिशातून घालतो.

परंतु या शास्त्राचे सारे सौंदर्य बबलमध्ये, म्हणजे शेवटचा एक जण बाद व्हायचा उरलेला असतानाच्या अवस्थेत, आहे, आणि तिथे थोडे रेंगाळणे क्षम्य मानावे. जागा दहा, खेळाडू अकरा, आणि सर्वांत गरीब खेळाडूकडे एका ब्लाइंडपुरत्याही चिप्स नाहीत. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूच्या हाती एक्क्यांची जोडी येते, आणि त्याच क्षणी पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सगळ्या चिप्स पुढे सारतो. सुरुवातीला हाती येणाऱ्या पानांत त्याहून चांगली जोडी नाही. तरीही ती टाकून द्यावीत असे गणित सांगते, कारण पहिला आणि दहावा या दोघांना मिळणारे तिकीट अगदी सारखेच आहे, तर हरल्यास जवळजवळ हातात आलेली जागा जाते. पलीकडे गरीब खेळाडू घड्याळातला शेवटचा सेकंद संपेपर्यंत पाने टाकत नाही, म्हणून आयोजकांना सगळ्या टेबलांवर एकेकच डाव एकाच वेळी वाटायची व्यवस्था करावी लागते. प्रस्तुत लेखकाने ही एक्क्यांची जोडी कागदावर अत्यंत धीरोदात्तपणे टाकून दिलेली आहे, आणि त्याबद्दल कोणी विचारले नाही तरी तो ते सांगतो.

अडचण एवढीच, की मोठ्या स्पर्धेत बक्षिसाचा मोठा वाटा वरच्या थोड्या क्रमांकांना जात असल्याने तिथे नेमका उलटा स्वभाव लागतो. मनीमेकरने शेवटच्या सॅटेलाइटमध्ये चौथे येण्याचा विचार केला होता, असे सांगतात, कारण पहिल्या तिघांना जागा आणि चौथ्याला रोख 8,000 डॉलर होते. मित्राने समजूत घातली म्हणून तो पुढे खेळला. सॅटेलाइट जिंकायला हिशेबनीस लागतो आणि स्पर्धा जिंकायला हिशेब विसरलेला माणूस. हे दोन्ही आपल्या ठायी एकवटले आहेत, अशी प्रस्तुत लेखकाची खात्री आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात 2025 च्या कायद्याने बंदी आल्यामुळे ती खात्री तपासली जाण्याचा धोकाही आता टळला आहे.