तेच ते गोल गोल

मोटारशर्यत ही टीव्हीवर दाखवण्याजोगी गोष्ट आहे, असं ज्याच्या पहिल्यांदा मनात आलं त्याच्या धाडसाला दाद द्यायला हवी. क्रिकेटमध्ये निदान माणसं दिसतात. इथे माणूस हेल्मेटात, हेल्मेट गाडीत आणि गाडी जाहिरातींच्या आड. प्रत्यक्ष जाऊन बघणाऱ्याला कानठळ्या बसतात, जळक्या रबराचा वास येतो, पायाखालची जमीन थरथरते. यातलं काहीही दिवाणखान्यात येत नाही. येतं ते एवढंच, की बऱ्याच गाड्या बराच वेळ फिरतात आणि निघाल्या तिथेच परत येतात.

तरी शर्यतीला गर्दी मिळवून दिली ती टीव्हीनेच. कशी, ते बघायचं तर १९७९ साली अमेरिकेत पडलेल्या बर्फाचे आभार मानावे लागतात.

नॅस्कारच्या शर्यती म्हणजे दक्षिणेकडच्या लोकांची हौस, असा तोवर समज होता. टीव्हीवाले त्या दाखवत, पण बहुधा कापून-छाटून. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला सीबीएसने फ्लोरिडातली ‘डेटोना ५००’ पहिल्यापासून शेवटपर्यंत थेट दाखवायची ठरवली. अडीच मैलांची चक्कर, अशा २०० चकरा. एवढं कोण बघणार? पण नेमकं तेव्हाच पूर्व अमेरिकेत असं हिमवादळ झालं, की लोक घरात अडकले. वाहिन्या मोजक्याच होत्या. समोर जे लागलं ते बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

शेवटच्या चकरेत डॉनी ॲलिसन पुढे, त्याच्या पाठीला केल यारबरो. केल बाजूने घुसायला गेला, डॉनी वाट देईना. दोघं एकमेकांना रेटत भिंतीवर आदळले आणि आतल्या गवतात येऊन थांबले. बराच मागे असलेल्या रिचर्ड पेटीला शर्यत आयती मिळाली. आधीच्या ४५ शर्यतींत तो एकदाही जिंकला नव्हता. बिचाऱ्याचा एवढा मोठा दिवस, आणि सगळ्यांच्या माना गवताकडे. कारण तिथे डॉनीचा भाऊ बॉबी गाडी थांबवून विचारपूस करायला आला होता आणि तिघांची चांगलीच जुंपली होती. आपण काहीच केलं नाही, केलच आपलं नाक माझ्या मुठीवर आपटायला लागला, असं बॉबी पुढे अनेक वर्षं सांगत असे.

नॅस्कारने तिघांना दंड केला. मला विचाराल तर सत्कारही करायला हरकत नव्हती. इंजिन गाडीच्या पुढे असतं की मागे, याचाही पत्ता नसलेल्या लोकांना त्या दुपारी बाजू घ्यायला माणसं मिळाली होती.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात बाथर्स्टच्या शर्यतीत पीटर ब्रॉक आणि जिम रिचर्ड्स ही जोडी तब्बल सहा चकरांनी जिंकली. एवढ्या फरकात चुरस कसली! पण तिथल्या टीव्हीवाल्यांनी पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकामध्ये कॅमेरा बसवला होता, आणि हा गृहस्थ गाडी हाकता हाकता समालोचकांशी गप्पा मारत होता. शर्यत कोण जिंकतंय हे दुय्यम. सोबतीला बोलका चालक आहे म्हटल्यावर प्रेक्षक हजार किलोमीटरसुद्धा जाईल. एसटीचा प्रवास केलेल्या कुणालाही हे पटेल.

फॉर्म्युला वनला ही अक्कल फार उशिरा आली. २०१९ साली नेटफ्लिक्सवर ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ आलं, आणि पहिल्या मोसमात मर्सिडीज आणि फेरारी या दोन बड्या संघांनी कॅमेऱ्याला दारच उघडलं नाही. झालं भलंच. कॅमेरा मागे रखडणाऱ्यांकडे वळला. त्यांच्याकडे करंडक नव्हते, पण चिंता, रुसवेफुगवे आणि नोकरी जाण्याची धास्ती भरपूर होती. नसलेली भांडणं रंगवतात, अशी तक्रार करून मॅक्स व्हर्स्टापेन काही काळ या मालिकेपासून लांब राहिला. त्याची तक्रार रास्त असेलही. पण अमेरिकेत फॉर्म्युला वनला फारसं कुणी विचारत नव्हतं, तिथे २०२२मध्ये मायामी आणि २०२३मध्ये लास वेगास अशा आणखी दोन शर्यती सुरू झाल्या, आणि त्या मालिकेचं नाव घेतल्याशिवाय त्याचं कारण कुणी सांगत नाही.

मी जुन्या वळणाचा प्रेक्षक. टायर कधी बदलला, पेट्रोल किती उरलं, यात मला रस. युरोपातली शर्यत आपल्याकडे रविवारी संध्याकाळी लागते, तेव्हा माझी काकू इतकी वर्षं ‘तेच ते गोल गोल’ म्हणून उठून जायची. ती मालिका बघितल्यापासून ती खुर्ची ओढून बसते. तिचा सगळा जीव हास संघाच्या शिवराळ प्रमुखावर, गुंथर स्टाइनरवर. हासने आजवर एकही शर्यत जिंकलेली नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. २०२४च्या जानेवारीत संघाने स्टाइनरला निरोप दिला, तेव्हा मी तिला निकालांचा तक्ता दाखवून त्यामागची कारणं समजावू लागलो. तिने तक्ता बाजूला सारला आणि विचारलं, “ते सगळं राहू दे. त्याच्या बायकोला कुणी सांगितलं असेल रे?”