देवमण आणि खोड

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तापीकाठी मारवाडी, काठेवाडी, नुकरे घोडे उतरतात आणि त्यांच्या मागोमाग आमचे आप्पा उतरतात. घोडा घ्यायची आप्पांची ऐपत नाही; पण पारख करायला ऐपत कुठे लागते? सौदा दुसऱ्याचा, बयाणा दुसऱ्याचा, आप्पा मात्र घोड्याच्या गळ्याखालचा भोवरा बघायला वाकलेले. "देवमण आहे भाऊ! डोळे मिटून घे." पुढच्या घोड्याच्या डोळ्याखाली भोवरा दिसला, की चार पावलं मागे. "मालकाला रडवणार हा." घोडा चालतो कसा, दात किती, हे विचारणारे त्यांच्या मते हौशी.

इथवर ठीक. असे पारखी यात्रेत पैशाला पासरी. पण यात्रा उठते, घोडे जातात आणि आप्पांना अकरा महिने काढायचे असतात. मग ते कादंबऱ्या वाचतात. वाचतात म्हणजे पात्रांचे भोवरे तपासतात. वाचनालयाच्या पुस्तकात पात्र पहिल्यांदा आलं, की समासात पेन्सिलीनं 'दे' किंवा 'खो'. देवमण, नाहीतर खोड. आजीच्या गोष्टीत राजकन्या भोळी, सावत्र आई दुष्ट आणि राक्षसाचा जीव पोपटात. पोपटाची मान पिरगाळली, की झोपायला मोकळे. आप्पांचं वाङ्मयीन शिक्षण तिथेच पूर्ण झालं.

१८६१ सालच्या 'मुक्तामाले'ला एवढं पुरलं असतं. घोळ केला तो हरिभाऊ आपट्यांनी. 'पण लक्षात कोण घेतो?' मधले शंकरमामंजी खरं तर आप्पांचे लाडके. इतका ठसठशीत भोवरा मराठीत दुसरा नाही म्हणतात. त्यांच्यापुढे 'खो' तीनदा. पण नायिका यमूचं केशवपन झालं आणि आप्पा पोपट शोधू लागले. आता कोणीतरी येणार, मामंजींची मान पिरगाळणार. कोणी आलं नाही. यमूच गेली. आप्पा पुस्तक परत द्यायला गेले आणि ग्रंथपालाला हळूच म्हणाले, "शेवटची पानं फाटलीत का, बघ बरं जरा."

त्याहून वाईट अवस्था केली 'मृत्युंजय'नं. कर्ण कवचकुंडलं घेऊन जन्मलेला, तेव्हा तिथे 'दे', शंकाच नको. दुर्योधन 'खो'. पण त्याच दुर्योधनानं भर आखाड्यात सूतपुत्राला अंगदेशाचं राज्य दिलं. खोडरबर. 'दे'. मग द्यूताची सभा. पुन्हा खोडरबर. वर शिवाजी सावंतांनी दुर्योधनाला स्वतःच्या तोंडानं बोलायला लावलंय. आप्पांचा यावर कायमचा आक्षेप आहे. "घोड्यालाच विचारलं तर कोणता घोडा खोड कबूल करील?"

मी खोडसाळपणे विचारलं, "आप्पा, आणि त्या सभेत कर्ण द्रौपदीला काय बोलला?"

आप्पांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "तो भोवरा नाही रे," म्हणाले, "केस नुसते वळलेत तिथे."

गेल्या यात्रेत आप्पांनी भाच्याला पंचकल्याणी घोडी पारखून दिली. चारही पाय पांढरे, तोंड पांढरं. भाच्यानं ती तापीत धुतली, तर मागचा एक पाय तांबडा निघाला. भाचा पेटला. आप्पा शांत. "घोडी देवमाणूस आहे," ते म्हणाले, "विकणारा शंकरमामंजी!" त्या बिचाऱ्या विकणाऱ्यानंही ती कोणाकडून तरी तशीच घेतली असेल, ही शंका मी बोलून दाखवली नाही, खोडरबर संपत आलं होतं. घोडी आता वरातीत नाचते आणि चांगली सुपारी घेते. नवरदेवाकडचे पाय मोजत नाहीत.

यंदा आप्पा यात्रेत खिशात ओला फडका घेऊन फिरत होते.

परवा वाचनालयात ते 'मृत्युंजय' मुद्दाम काढून पाहिलं. दुर्योधनापुढे 'दे'ही नाही आणि 'खो'ही नाही. खोडून खोडून समासाला भोक पडलंय.