सेफर साइड

(दादर स्थानक. रात्रीचे साडेनऊ. बाकड्यावर साठीच्या आसपासची बाई, भोवती पाच-सहा डाग. शेजारी कोणी बसायला आलंय असं समजून ती पिशवी उचलते.)

बसा हो, बसा. ही पिशवी मांडीवर घेते. कुठे निघालात? चिपळूण? म्हणजे तुतारीच! आम्हीपण तुतारीने. रत्नागिरी. पुतणीचं लग्न आहे.

(घड्याळ बघते) नाही नाही, गाडी लेट नाहीये. १२.०५ लाच आहे. आम्ही लवकर आलोय. हे म्हणाले, सेफर साइड निघू या. राहतो डोंबिवलीला. लोकल बंद पडली तर? मग टॅक्सी. टॅक्सी अडकली तर? मग चालत. चालतच यायचं तर काल सकाळी निघायला हवं होतं, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण बोलले नाही. ह्यांनी ऐकलं असतं.

ठाण्याला थांबते की! आम्हाला ठाणंच जवळ. पण मधल्या स्टेशनावर गाडी दोन-चार मिनिटं थांबणार, त्यात चढायला नाही जमलं तर? म्हणून सुटते तिथून बसायचं. आता डोंबिवलीहून उलटं दादरला यायचं आणि मध्यरात्री खिडकीतून पुन्हा ठाणं, दिवा बघत जायचं.

(आवाज खाली आणून) आणि तिकिटाची गंमत ऐका. रात्री बाराला पाच मिनिटं. म्हणजे आज तेरा तारीख, पण रेल्वेच्या लेखी गाडी चौदाची. मी हे ह्यांना कॅलेंडरवर बोट ठेवून समजावलं. पटलं. शंभर टक्के पटलं. आणि मग ह्यांनी तेराचंही काढलं, चौदाचंही काढलं! काल रात्री आमच्या दोन बर्थ आमच्याशिवाय गेल्या. कुणीतरी आरएसीवाला सावंतवाडीपर्यंत पाय ताणून झोपला असेल. त्याचा दुवा लागो आम्हाला.

(पिशवीतून एकेक वस्तू काढते) छत्री. फेब्रुवारी महिना! विजेरी. विजेरीचे सेल. आधारच्या झेरॉक्स. एक संच पाकिटात, एक बॅगेत, एक माझ्या पर्समध्ये. आणि हे पार्ले-जी. ह्याला मात्र मी हसत नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला ना, तेव्हा हे अंधेरीला ऑफिसात अडकले. सगळ्या मजल्यात मिळून बिस्किटांचा एक पुडा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात उभे राहिले तेव्हा बुटांतून पाणी गळत होतं, आणि पहिलं वाक्य काय? "आपल्याकडे बिस्किटं आहेत का?" तेव्हापासून बॅगेत कायम दोन पुडे. एक खायला, एक सेफर साइड. खात कुठलाच नाहीत! एक्स्पायरी जवळ आली की मग घरी बशीत येतात. आमच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत ताजं बिस्कीट कुणी खाल्लेलं नाही.

बँकेचं तर विचारूच नका. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, माहितीये ना? २०२० च्या आधी १ लाखच होतं. पण त्या पाचात व्याजही धरतात म्हणे. म्हणून हे प्रत्येक बँकेत साडेचारच ठेवतात. पैसे काही फार नाहीत हो, पण बँका फार झाल्यात! आणि सगळीकडे आयदर ऑर सर्व्हायव्हर. त्या फॉर्मवर खूण करताना हे माझ्याकडे असे बघतात की दोघांतलं सर्व्हायव्हर कोण, ते ह्यांनी ठरवून ठेवलंय.

मुलगा? पुण्याला असतो, हिंजवडीत. सॉफ्टवेअर. तबला छान वाजवायचा. हे म्हणाले, आधी इंजिनिअर हो, मग हवं ते कर. सेफर साइड. तबला आहे की माळ्यावर. गवसणीत. गवसणीवर प्लॅस्टिक.

(क्षणभर थांबते. मग एकदम खुसखुशीत हसत)

अहो, मला बघायला आले तेव्हाची गोष्ट सांगते. गिरगावात. सकाळी अकराला. पोहे खाल्ले, दोन वेळा घेतले. मी म्हटलं, स्वारी खूश दिसते. लग्न झालं, वर्ष गेलं, आणि सासूबाई बोलता बोलता बोलून गेल्या, त्याच दिवशी संध्याकाळी ठाकुर्लीला आणखी एक स्थळ ठेवलं होतं! बघूनही आले होते! आता मला सांगा, मी मुख्य होते की सेफर साइड? विचारलं एकदा. तर म्हणाले, "तिकडे कांदेपोहे नव्हते, शिरा होता." ह्याचा अर्थ तुम्हाला लागला तर मला सांगा. (जरा पुढे सरकून) आणि एक पाटली आईने दिलीय, ती कुठल्या बँकेत नाही, कुठल्या यादीत नाही. ह्यांना ठाऊक नाही. ती कुठे आहे ते मी तुम्हालाही सांगणार नाही.

(विंगेकडे बघत) आले वाटतं. इकडे, इकडे! कुठे होतात एवढा वेळ? लाइन होती? कसली लाइन? (हातातल्या चिठ्ठ्या घेऊन बघते) प्लॅटफॉर्म तिकीट? अहो, आपल्याकडे गाडीचं तिकीट आहे ना! कन्फर्म! ... काय म्हणालात? ... गाडीच रद्द झाली तर इथे कुठल्या हक्काने बसायचं?

(शेजारणीकडे बघते. पुन्हा चिठ्ठ्या मोजते.)

बरं, पण आपण माणसं दोन. ही तिकिटं चार कशी?

(ऐकते. मान हलवत, अगदी शांतपणे शेजारणीला)

दोनच तास चालतं म्हणे एक. आणि गाडीला अजून अडीच आहेत.

(अंधार)