करवंदीच्या जाळीतली कोंबडी

आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत, फक्त मला सापडत नाहीत. कात्री असो, विजेचं बिल असो, बायको जागची हलतही नाही. "तिथंच आहे, नीट बघा," म्हणते. आणि ते तिथंच असतं.

म्हणूनच जेर्डनच्या धाविकाची गोष्ट वाचली आणि जीव हलका झाला. टिटवीच्या दूरच्या नात्यातला हा उंच पायांचा पक्षी, छातीवर दोन पट्टे. थॉमस जेर्डन या डॉक्टरामुळे १८४८ मध्ये त्याची शास्त्रात नोंद झाली. १९०० नंतर तो कुणा अभ्यासकाला दिसेना, तेव्हा सगळ्यांनी तो संपला असंच धरलं. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) भारत भूषण यांना तो आंध्रच्या कडपा जिल्ह्यात सापडला, तोही स्थानिक पारध्याच्या मदतीनं. स्वारी रात्री हिंडणारी निघाली. तिथल्या लोकांकडे तर त्याला नावही होतं : कलिवी कोडी, म्हणजे करवंदीच्या जाळीतली कोंबडी! तिथंच होती. नीट बघायला हवं होतं.

त्याचं अंडंसुद्धा असंच. १९१७ मध्ये कोलारच्या परिसरात मिळालेलं अंडं स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहालयात पडून होतं. ते याचंच, हे कळायला २०१३ उजाडलं. आमचं बिल निदान दंड लागायच्या आत सापडतं.

पुढं त्याचा माग काढायला अभ्यासकांनी झुडपांमध्ये मऊ मातीचे पट्टे अंथरले आणि सकाळी त्यांवरचे ठसे वाचले. आपण गौरीची पावलं रांगोळीनं आधीच काढून ठेवतो. इथं पट्टा कोरा ठेवायचा आणि पाहुण्यानं स्वतः उमटवायची.

या पाहुण्याला हवं तरी काय? काटेरी झुडपं आणि त्यांच्या मधूनमधून पळायला मोकळी जमीन. रान फार दाट झालं तरी नको, पार उजाड झालं तरी नको. असं रान बघून आपण 'पडीक' म्हणतो आणि तिथं शेत, बाग किंवा कालवा आखतो. त्याच भागातल्या तेलुगू गंगा कालव्याची आखणी या पक्ष्यासाठी बदलली गेली, हे नवलच. एरवी पडीक जमिनीची बाजू कोण घेतं?

धाविक आजही अतिसंकटग्रस्त आहे. तेव्हा एखाद्या माळाकडे बोट दाखवून 'इथं काहीच नाही' म्हणण्याआधी तिथल्या माणसांना विचारावं, आणि शक्यतो अंधार पडल्यावर जावं. 'काही नाही' हे वाक्य आमच्या घरात तरी आजवर एकदाही खरं ठरलेलं नाही.