अपरिचित कर्जास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री अपरिचित कर्जमहोदय,
मुक्काम : दुसऱ्याचा पतअहवाल, यांस

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

कोणी, कोणाकडून, किती कर्ज घेतले आणि त्याचे हप्ते कसे फेडले, याची कर्जसंस्थांनी कळवलेल्या माहितीवरून ठेवली जाणारी नोंद म्हणजे पतअहवाल. त्या अहवालात महोदयांनी ज्या डौलाने बैठक मारली आहे ती पाहता, नामधारी कर्जदाराने, म्हणजे ज्याचे नाव वापरले गेले परंतु ज्याच्या हाती रुपयाही पडला नाही अशा व्यक्तीने, प्रथम त्यांचे अभिनंदनच करावयास हवे. महोदयांना खाते क्रमांक आहे, मंजुरीचा दिनांक आहे, थकबाकीचा आकडा आहे. नाही तो केवळ कर्ज घेणारा, आणि एवढ्याशा उणिवेने त्यांचे काही अडलेले दिसत नाही.

महोदयांच्या नियमितपणाला तर तोड नाही. अहवालात प्रत्येक खात्यापुढे महिन्यांच्या चौकटींची एक पट्टी असते व हप्ता देय तारखेनंतर किती दिवस थकला ते प्रत्येक चौकटीत तीन अंकी लिहिलेले असते : वेळेवर भरला असल्यास ०००, एरवी ०३०, ०६०, ०९० अशी चढण. नव्वद दिवस उलटले की कर्ज अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या दृष्टीने बुडीताकडे झुकलेले, ठरते. महोदयांनी ही चढण एकही पायरी न गाळता पार केली, ३०० ते ९०० या मोजपट्टीवरील गुणांक तितक्याच शिस्तीने खाली आला, आणि नामधारी कर्जदारास हे सारे कळले ते गृहकर्जाच्या अर्जावेळी, टेबलापलीकडून आलेल्या ‘तुमचं सिबिल खराब आहे’ या एका वाक्यात. (पतमाहिती कंपन्या वस्तुतः चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क, परंतु कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे लोक चौघींनाही सिबिलच म्हणतात, आणि एकीच्या दप्तरातून उठवलेले महोदय उरलेल्या तिघींकडे सुखाने नांदत राहू शकतात.)

महोदय खरोखरच परके आहेत काय, हे मात्र आरोप करण्यापूर्वी तपासणे न्यायाचे ठरेल. दुकानातून हप्त्यांवर नेलेल्या टीव्हीचे कर्ज दुकानाच्या नव्हे, तर कधी न ऐकलेल्या वित्तसंस्थेच्या नावाने नोंदले जाते. बँकेने थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीस विकले असल्यास जुनेच कर्ज नव्या आडनावाने दारात उभे राहते. आणि मेहुण्याच्या ट्रॅक्टरसाठी भिडेखातर केलेली जामीनकीची सही सही करणारा विसरतो, परंतु १८७२ चा भारतीय करार कायदा विसरत नाही, कारण त्याच्या १२८ व्या कलमानुसार करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराचे दायित्व मूळ कर्जदाराइतकेच असते. यांपैकी काहीच लागू नसेल तर दोन शक्यता विशेषत्वाने उरतात : एकतर नाव व जन्मतारीख जुळल्यामुळे दुसऱ्याच कोणाचे खाते येथे येऊन चिकटले आहे, किंवा सिमकार्डासाठी दिलेल्या पॅनकार्डाच्या झेरॉक्सवर एखाद्या भामट्याने मोबाइल ॲपवरून कर्ज उचलले आहे.

तुलनेसाठी सातबारा पाहावा, ज्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा बोजा चढतो व उतरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमानुसार फेरफाराची नोंद प्रमाणित होण्यापूर्वी ती चावडीवर लागते, हितसंबंधितांना लेखी कळवली जाते, आणि हरकत आल्यास वाद निराळ्या नोंदवहीत जातो. ज्या तलाठी कार्यालयाच्या नावाने महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या बोटे मोडली, त्याने निदान आधी विचारण्याची रीत पाळावी आणि संगणकीकृत पतव्यवस्थेत मात्र नोंद आधी चढून हरकत मागाहून यावी, हा उलटा न्याय आहे. थकबाकी कळवताना कर्जदारास एसएमएस किंवा ईमेलने सूचना द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये कर्जसंस्थांना सांगितले, हे खरे. परंतु ती सूचना संस्थेच्या दप्तरी असलेल्या क्रमांकावर जाते, आणि भामट्याने कर्ज घेताना स्वतःचाच क्रमांक दिला असेल तर थकबाकीची वार्ता अगत्याने त्यालाच पोहोचते.

हरकतीची वाटही महोदयांच्या सोयीची आहे. पतमाहिती कंपनीकडे वाद नोंदवता येतो. मात्र २००५ च्या पतमाहिती कंपन्या कायद्याच्या चौकटीत ती कंपनी नोंद स्वतःहून खोडत नाही, तर ज्या संस्थेने चूक केली त्याच संस्थेस ‘ही चूक आहे काय’ असे विचारते. फिर्याद ज्याच्याविरुद्ध, निकालही त्याचाच, अशी ही कचेरी आहे. तरीही तिला घड्याळ लावलेले आहे : संस्थेने २१ दिवसांत सुधारित माहिती कळवावी, ३० दिवसांत तक्रार निकाली निघावी, आणि एप्रिल २०२४ पासून त्यापुढील प्रत्येक दिवसास तक्रारदारास १०० रुपये भरपाई मिळावी. मागणी फेटाळल्यास कारण सांगावे लागते, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत.

वसुलीवाल्यांचा ‘थोडे भरून मिटवून टाका’ हा प्रेमळ सल्ला नामधारी कर्जदाराने ऐकू नये, हे महोदयांना रुचणार नाही. तडजोडीने मिटवलेल्या कर्जावर ‘सेटल्ड’ हा शेरा बसतो, जो पुढच्या बँकेस चांगला वाटत नाही. शिवाय मुदत कायद्याच्या १९ व्या कलमानुसार मुदतीत केलेला अंशतः भरणा वसुलीच्या दाव्याची मुदत नव्याने सुरू करू शकतो, आणि ज्याने कर्ज घेतलेच नाही त्याने हप्ता भरणे म्हणजे महोदयांना स्वहस्ते दत्तक घेणेच होय.

सबब महोदयांस कळविण्यात येते की, नामधारी कर्जदाराने चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा संपूर्ण अहवाल मागवला आहे. कर्जसंस्थेकडे मूळ अर्ज, सही आणि रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील लेखी मागितला आहे. तोतयेगिरीच्या संशयाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे आणि पोचपावतीची प्रत जोडली आहे. महोदयांनी आता आपल्या खऱ्या धन्याकडे परतावे, आणि जाताना वाटेत त्याच नावाच्या तिसऱ्याच माणसाकडे मुक्काम करू नये, ही विनंती.

कळावे. लोभ नसावा.